आजोबांची वही आणि ‘चाल : आक्काची’

नवीपेठकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.४०

माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची एक वही सापडली. लांबट, किराणा दुकानातल्या चोपडीसारखी, लाल कापडी बांधणीची. वाटलं उधारीचे हिशेब असतील. उघडली तर पदं. बत्तीस भरली.

आजोबा इथल्या सोलापूरच्या गिरणीत साचेवाले (मागावर कापड विणणारे) होते. गणपतीत गल्लीच्या मेळ्याला गाणी जुळवून द्यायचे एवढंच घरात ऐकलं होतं. कवी वगैरे शब्द त्यांच्याबाबतीत कुणी वापरला नाही. आजी तर त्याला ‘रिकामा उद्योग’च म्हणायची.

गंमत पुढे आहे. जवळजवळ प्रत्येक पदाच्या वर, डाव्या कोपऱ्यात चाल लिहून ठेवली आहे. ‘चाल : सुंदरा मनामधि भरली’ तीन ठिकाणी. ‘चाल : भेटेन नऊ महिन्यांनी’ एका ठिकाणी. ‘चाल : अत्तराचा फाया’ दोन ठिकाणी, त्यातलं एक चक्क दारूबंदीवर! काहींवर नुसतं ‘साकी’, ‘दिंडी’. आणि एकावर : ‘चाल : आक्काची’.

आता भांडण. गेल्या महिन्यात शहरातल्या एका काव्यवाचनाला गेलो होतो (कुणाचं ते विचारू नका). नाव दिलं होतं, नंबर आला. ‘सुंदरा’च्या चालीतलं पद घेतलं आणि एक ओळ गाऊन म्हटली. सूत्रसंचालकांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, “हे काव्यवाचन आहे, गायन नव्हे.” पाचसात जण हसले. मग उरलेलं सरळ वाचून दाखवलं. खरं सांगू? वाचल्यावर ते पांगळंच वाटलं. घरी येताना सात रस्त्यापर्यंत मनात ते हसणंच वाजत होतं.

तर दोन प्रश्न. एक, ही ‘आक्काची’ चाल कुणाला ठाऊक आहे का? दोन, सोलापुरात कविता आणि गाणं यांची ताटातूट कधी झाली? माझ्या आजोबांच्या वहीत तरी ती झालेली दिसत नाही.

आक्कावालं पद देतो. दोनच कडवी आहेत.

भोंगा वाजे पहाटेला, अंगणी अंधार
जागा हो रे माझ्या राजा, भाकर बांधिली
धागा वाट पाही

माती ओली उंबऱ्याची, पाय नको लावू
राती दिवा ठेवीन मी, वाट उजळाया
हाती तुझ्या गाठी

------

कडकभाकरी | रविवार, रात्री ११.०५

आयला, लई भारी हाय की बे हे! ‘हाती तुझ्या गाठी’ वाचून आमचे तात्या आठवले. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायची सवय इतकी, की रिटायर झाल्यावर पण बसल्या बसल्या धोतराच्या सोग्याला गाठी मारत बसायचे.

चाल मला म्हाईत नाही. शेंगाचटणी म्हाईत हाय. धागा वर ठेवतो.

------

लघुगुरू | सोमवार, सकाळी ७.१५

वही जपून ठेवा, कागदाला ऊन दाखवू नका. हे आधी सांगतो, कारण पुढचं कडू लागेल.

त्या सूत्रसंचालकांची पद्धत चुकली असेल, मुद्दा चुकला नाही. चाल ही कवितेची कुबडी होते. चांगला गळा आणि ओळखीची चाल असली की ‘येथे घाण करू नये’ हेसुद्धा टाळ्या घेऊन जातं. गळा काढून घ्या, मग काय उरतं ते पाहा. जे उरेल ती कविता. चाळीस वर्षं मी हेच सांगत आलो आहे आणि त्यापायी पुष्कळांची मैत्री गमावली आहे.

आता तुमचं पद. पहिल्या दोन ओळी आठ-सहा, आठ-सहा अक्षरांच्या. उत्तम. तिसरी ओळ सहा अक्षरांतच संपते. म्हणजे अर्धी ओळ बेपत्ता. यमक तर शोधूनही नाही : अंधार, बांधिली, पाही. दुसऱ्या कडव्यात लावू, उजळाया, गाठी. अभंग म्हणावा तर त्यात पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक, त्यात हे बसत नाही. ओवी म्हणावी तर ओवीला तीन यमकं लागतात. आशय हृद्य आहे, पण रचना सदोष. गिरणीत बारा तास राबून माणसाने एवढं लिहिलं हे मोठंच, मात्र म्हणून दोष झाकू नये.

------

पेटीमास्तर | सोमवार, दुपारी २.३०

लघुगुरू सर, नमस्कार. तुमचा माझा हा वाद जुना आहे, पण तो नंतर.

नवीपेठकर, तुमच्या वहीवर तारखा नसतील तर त्या चालींतच लिहिल्या आहेत. ‘अत्तराचा फाया’ हे ‘भाऊबीज’ चित्रपटातलं, म्हणजे १९५५. वसंत पवारांचं संगीत, आशाबाईंचा आवाज, आणि शब्द आपल्या सोलापूरचे कवी संजीव यांचे. तेव्हा ती दोन पदं १९५५ च्या नंतरची, बहुधा लगेचच्या गणपतीतली. गाणं तोंडात ताजं असतानाच मेळ्यात त्याची चाल उचलतात. ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ त्याच्या कितीतरी आधीचं, कवी कुंजविहारींचं. तेही सोलापूरचेच. फासावर जाणारा तरुण आईला सांगतो, नऊ महिन्यांनी पुन्हा तुझ्याच पोटी येईन. ज्या गावचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले, त्या आपल्या गावात ते गाणं कसं म्हटलं गेलं असेल ते मी सांगायला नको. आणि ‘सुंदरा’ राम जोश्यांची, पेशवाईतली, पुन्हा सोलापूर.

म्हणजे बघा, आजोबांनी चाली कुठून कुठून गोळा केल्या म्हणावं तर त्या बहुतेक याच गावच्या. कविता छापून आली आणि लोकांनी वाचली असं इथे क्वचितच झालं. ती कुणाच्या तरी तोंडून फिरली.

‘सुंदरा’बद्दल सरांना एक विचारतो. ‘भरली, जरा नाही ठरली, हवेलीत शिरली, मोत्याचा भांग’. ही आतली यमकं कुणासाठी आहेत? कागदावर ती नुसती किणकिण वाटतात. ढोलकी लावा, मग कळतं की प्रत्येक ‘रली’वर थाप पडते. आणि ‘भांग’वर ओळ थांबते, श्वास घेते. हे गळ्याने कवितेला दिलेलं दान नाही, कवीने ढोलकीवाल्यासाठी लिहून ठेवलेली सूचना आहे. कुबडी कोण आणि पाय कोण?

साकी-दिंडीचं सांगतो, ते सोपं आहे. साकीची ओळ अठ्ठावीस मात्रांची, सोळा आणि बारा. दिंडी एकोणीस मात्रांची, नऊ आणि दहा. संगीत नाटकांनी या चाली घरोघर पोचवल्या, त्यामुळे नुसतं ‘दिंडी’ लिहिलं की पुरे. शिरा म्हटल्यावर कृती सांगावी लागत नाही तसं.

आक्काची चाल मात्र मला ठाऊक नाही.

------

बार्शीलाईट | सोमवार, सायं. ६.१०

सोलापूर सोलापूर काय लावलंय, जिल्ह्यात आम्हीपण आहोत. शाहीर अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६. बार्शीच्या गिरणीतला कामगार. गाणी आईकडून आली, मुनेरबींकडून. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला ती माणसं अजून बोलताना अंगावरचा काटा दाखवतात.

मला ‘आक्का’ म्हणजे अशीच कुणीतरी वाटते. चाल बाईची असणार.

------

मोडनिंबी | सोमवार, रात्री ९.२०

पेटीमास्तरांना अनुमोदन. आमच्याकडे कला केंद्रात नवीन लावणी बसवताना कागद कुणी बघत नाही. एक जण शब्द सांगतो, पेटीवाला सूर धरतो, आणि बाई म्हणते, “इथं पाय पडत नाही, शब्द बदला.” शब्द बदलतो. कवी बाजूला बसून सुपारी कातरत असला तरी गप्प राहतो. पायाला जे पटतं ते खरं.

राम जोशी तरी काय वेगळं शिकले? शास्त्री-पुराणिकांच्या घरातला पोरगा धोंडी शाहिराच्या फडात जाऊन बसायचा. घरच्यांनी नाक मुरडलं. पण संस्कृतातसुद्धा लावण्या केल्या गड्यानं. दोन्ही घरं चालवली.

------

पूर्वभाग | मंगळवार, सकाळी ११.००

मी तेलुगू घरातला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हीची खिचडी. तीन पिढ्या मागावर. नवीपेठकर, तुमचा दुसरा प्रश्न (ताटातूट कधी झाली) मला जास्त लागला, म्हणून आमच्या बाजूचं उत्तर देतो.

माझे आजोबा हातमागावर विणायचे. खड्डामाग. खाली पाय पावड्यांवर, वर धोटा डावीकडून उजवीकडे. हातमागाला लय माणूस देतो. पाय चुकला तर कापड चुकतं, म्हणून माणूस काहीतरी गुणगुणत राहतो. गाणं हे त्या कामातलंच एक हत्यार. आजी शेजारी कांडी भरता भरता दुसरी ओळ पकडायची.

वडिलांच्या वेळी यंत्रमाग आले. आता लय मोटर देते. आणि आवाज एवढा की शेजारच्याशी खुणेने बोलायचं. वडिलांना मी एकदाही गाताना ऐकलं नाही. त्यांना गाणी येत नव्हती असं नाही, आजोबांची पंधरावीस तरी पाठ होती. गायला जागाच राहिली नाही. सोलापुरी चादरीवर जेकॉर्डची नक्षी सगळ्यांना दिसते, त्यात मुरून गेलेली गाणी कुणाला दिसत नाहीत.

आता फक्त नवरात्रात बतुकम्मा खेळतात तेव्हा बायका फेर धरून टाळ्यांवर गातात. तेवढं शिल्लक आहे. बाकी कार्यक्रम आता साउंड सिस्टीमचे.

आमच्या लक्ष्मीनारायण बोल्ली सरांनी मराठी आणि तेलुगू दोन्हींचं घर एकत्र मांडलं. आत्मचरित्राचं नावच ‘एका साळियाने’. विणणाऱ्याने लिहायचं असतं हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं.

आता पदाकडे येतो. लघुगुरू सर, यमक नाही म्हणालात. शेवटी बघू नका, सुरुवातीला बघा. भोंगा, जागा, धागा. माती, राती, हाती. तिन्ही ओळींचं दुसरं अक्षर एकच. तेलुगू पद्यात याला ‘प्रास’ म्हणतात आणि तो ओळीच्या दुसऱ्या अक्षराला असतो. शाळेत तेलुगू शिकलो नाही, पण आजी पद्यं म्हणायची तेव्हा कानाला हेच जाणवायचं. तुमचे आजोबा तेलुगू होते का हो?

------

नवीपेठकर (धागाकर्ता) | मंगळवार, दुपारी १.१५

बाप रे. भोंगा-जागा-धागा! शंभर वेळा वाचलं, दिसलं नाही. आता दिसल्यावर दुसरं काही दिसत नाही.

पण आम्ही तेलुगू नाही हो. मराठीच. आजोबा लहानपणी अक्कलकोट बाजूच्या एका खेड्यातून इथे आले, एवढं माहीत आहे.

------

लघुगुरू | मंगळवार, दुपारी ३.४०

पूर्वभाग, निरीक्षण उत्तम. मी शेवटाकडे पाहत राहिलो, हे मान्य. मराठी माणसाचा कान यमकाला शेवटी शोधतो, त्याला इलाज नाही.

तरी तिसरी ओळ अर्धीच आहे. प्रासाने सहा अक्षरांची चौदा होत नाहीत.

------

धारवाडीसून | मंगळवार, रात्री १०.३०

मी इकडे लग्न होऊन आले त्याला बावीस वर्षं झाली. मराठी लिहिताना चुकते, सांभाळून घ्या.

पूर्वभाग दादा, प्रास तुमचा एकट्याचा नाही हो, कन्नडातही तो दुसऱ्या अक्षरालाच असतो. आणि ‘अक्कलकोट बाजूचं खेडं’ वाचून मी उठूनच बसले. तिकडे घराघरात कन्नड आहे.

आता सरांची अर्धी ओळ. आमच्याकडे ‘त्रिपदी’ म्हणून आहे. तीन ओळींची. तिसरी ओळ आखूड. सर्वज्ञ या कन्नड कवीची वचनं त्रिपदीत आहेत, आणि त्याहून जवळचं म्हणजे ‘बीसुव कल्लिन पद’, जात्यावरची गाणी. माझी आजी दळताना हीच म्हणायची. गाताना काय करतात सांगते : दुसरी ओळ संपली की तिचा मागचा तुकडा परत घेतात, आणि त्याला जोडून तिसरी ओळ म्हणतात. म्हणजे कागदावर तीन, गळ्यात चार. तुमचं पद तसं म्हणून बघा :

भोंगा वाजे पहाटेला, अंगणी अंधार
जागा हो रे माझ्या राजा, भाकर बांधिली
भाकर बांधिली, धागा वाट पाही

अर्धी ओळ हरवलेली नाही. ती आधीच्या ओळीत ठेवलेली आहे, गाणाऱ्याने उचलायची.

आणि अर्थसुद्धा बदलला बघा. वाचताना भाकर एकीकडे आणि धागा एकीकडे. गाताना दोन्ही एका श्वासात येतात. आई म्हणते भाकर बांधली, आणि तिकडे गिरणी वाट बघत्येय.

‘आक्का’ कोण ते मला माहीत नाही. आमच्यात अक्का म्हणजे मोठी बहीण.

------

कडकभाकरी | मंगळवार, रात्री १०.५०

काटा आला अंगावर. खरंच.

कन्नड संत अक्कमहादेवी असेल का? त्यांची वचनं गातात की. माझी फक्त शंका हां, मारू नका.

------

धारवाडीसून | बुधवार, सकाळी ९.१०

नाही हो, अक्कमहादेवींची वचनं सर्वज्ञासारखी त्रिपदीत बसवलेली नसतात. ती मोकळी असतात, गद्याच्या जवळची. आपल्या सिद्धरामेश्वरांची वचनंही तशीच, शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी मुद्रिका (कवीची ओळखखूण) येते. त्यांना सूर नंतर गवयांनी लावले, आणि काय सुंदर लावले! पण ही चाल जात्याचीच.

सोलापूरकर एक गोष्ट विसरतात म्हणून सांगते. कन्नडचे केवढे मोठे कवी द. रा. बेंद्रे, ते १९४४ ते १९५६ तुमच्या इथे, दयानंद कॉलेजात कन्नड शिकवत होते. त्यांच्या घरची भाषा मराठी! आणि कविता ‘अंबिकातनयदत्त’ नावाने कन्नडात. पुढे ज्ञानपीठ मिळालं त्या संग्रहाचं नाव ‘नाकु तंति’, म्हणजे चार तारा. कवीला नाव सुचलं तेही वाद्यावरून. धारवाडला आमच्या लहानपणी त्यांची पदं आम्ही आधी गायला शिकलो, कुणी लिहिली ते पाचवीत कळलं. सासरी आले तेव्हा मोठ्या उत्साहाने विचारलं होतं की बेंद्रे कुठे राहायचे. कुणाला नावही ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं होतं. आता रागावत नाही.

------

पेटीमास्तर | बुधवार, दुपारी ४.००

ताई, लिहीत राहा. मराठीत चुका करणाऱ्या आमच्यातल्या अनेकांपेक्षा तुमचं मराठी सरळ आहे.

काल रात्री ताईंनी सांगितल्याप्रमाणे पेटीवर बसून बघितलं. ‘भाकर बांधिली’ दुसऱ्यांदा घेताना सूर आपोआप खाली उतरतो, कारण पुढे जायचं असतं. कहरव्याच्या आठ मात्रांत सहा अक्षरं टाकली की शेवटचं अक्षर लांबवायला दोन मात्रा उरतात. तिथे जात्याचा खुंटा फिरतो. ही बाईची चाल आहे, बार्शीलाईट बरोबर बोलले.

ताटातुटीबद्दल माझंही थोडं. माझ्याकडे मुलं येतात ती परीक्षेसाठी. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत बंदिशी पाठ. त्यातल्या शब्दांचा अर्थ विचारला तर वर बघतात. उलट कवी मंडळी येतात ती ‘माझ्या गझलेला चाल लावा’ म्हणून. त्यांना सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आहे ते कळत नाही. पूर्वी हे दोघे मेळ्याच्या तालमीत एका सतरंजीवर बसायचे, एकमेकांच्या चुका काढायचे. मेळे गेले, सतरंजी गेली. आता कवींचा व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा, गवयांचा वेगळा. मी दोन्हींत आहे. दोन्हींत सकाळी फुलांचे फोटो येतात.

(अवांतर : आपल्याकडच्या जाधव घराण्याची सुंद्री किती जणांनी ऐकली आहे? सनईची धाकटी बहीण. सोलापूरचं म्हणून मिरवावं असं वाद्य, आणि आपण लग्नात रेकॉर्डवरची सनई लावतो.)

------

बार्शीलाईट | बुधवार, सायं. ५.२५

सोलापुरात साहित्य संमेलनं झाली की दोनदा. १९४१ ला खांडेकर अध्यक्ष, २००६ ला चितमपल्ली. तेव्हा सतरंजी नव्हती का?

------

लघुगुरू | बुधवार, सायं. ६.५०

२००६ ला मी मांडवात होतो. संमेलनाची सतरंजी वेगळी. तिथे आपण ऐकायला बसतो, चुका काढायला नाही.

माझ्या तरुणपणी दत्ता हलसगीकरांना ऐकायचो. ते कविता वाचत, गात नसत. तरी ‘ज्यांचे सूर जुळून आले त्यांनी दोन गाणी द्यावीत’ ही ओळ आली की सभागृहात हालचाल थांबायची. म्हणून मी वाचनाच्या बाजूचा. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो, वाद जिंकायला नाही.

धारवाडीसून यांच्या खुलाशाबद्दल : पटला. ‘रचना सदोष’ हे शब्द मागे घेतो. पण मुद्दा सोडत नाही. ज्या कवितेची अर्धी ओळ गळ्यात ठेवलेली आहे, तो गळा गेला तर ती कविता कागदावर अपंगच राहणार. आजोबांनी वर ‘चाल : आक्काची’ लिहिलं नसतं तर? तुम्ही सगळ्यांनी मिळून ती तीन दिवसांत उलगडलीत, पण वहीतली बाकीची एकतीस?

------

पूर्वभाग | बुधवार, रात्री ८.३०

सर, म्हणूनच तर त्यांनी चाल वर लिहून ठेवली असेल. साच्यांच्या आवाजात गाता येत नाही. मेळा वर्षातून दहा दिवस. उरलेलं वर्षभर ती चाल कुठे ठेवायची? कोपऱ्यात दोन शब्दांत.

------

नवीपेठकर (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ९.४५

मंडळी, सगळ्यांचे एकत्र आभार मानत नाही, प्रत्येकाला चहा देणं आहे.

आज आत्याला फोन लावला. ती पंच्याऐंशीची, पुण्यात असते, ऐकायला कमी येतं. आधी विचारलं, आक्का कोण? ती म्हणाली, “आक्का म्हणजे माझी आजी. दादा (म्हणजे तुझे आजोबा) आपल्या आईला आक्काच म्हणायचे. घरात धाकट्या दिरांनी अक्का म्हणायला सुरुवात केली, मग पोरंपण तेच म्हणायला लागली.” म्हणजे माझी पणजी. आणि पणजीला मराठी धड यायचं नाही हेही मला आज कळलं. इतकी वर्षं सोलापुरात आमचं घर, आणि घरात कन्नड होतं ही गोष्ट कुणी सांगितली नाही. मी विचारली नाही हेही खरं.

मग ते पद वाचून दाखवलं. पहिली ओळ तिला ऐकू आली नाही. पुन्हा मोठ्याने वाचली. तरी नाही. शेवटी धारवाडीसून ताईंनी सांगितलं तसं, ‘भाकर बांधिली’ परत घेऊन, बेसूर का होईना, गाऊन दाखवलं. पलीकडे एकदम शांत. मला वाटलं फोन कट झाला. मग तिने पुढची ओळ उचलली.

चाल पेटीमास्तरांनी सांगितली तशीच उतरते, फक्त ते ‘दोन मात्रा लांबवणं’ आत्या शेवटच्या अक्षरावर करत नाही, त्याच्या आधीच्या अक्षरावर करते. बांधि-ई-ई-ली. भाच्याने रेकॉर्ड करून पाठवलंय. मागे कुकरची शिट्टी आहे, ती काढू नका म्हणून सांगितलंय त्याला.

------

पेटीमास्तर | गुरुवार, रात्री १०.०५

‘धि’वर? ऱ्हस्व अक्षर लांबवलं? मग खुंटा फिरतो तो तिथे नाही, त्याच्या पुढे. रेकॉर्डिंग आत्ता पाठवा. झोप लागणार नाही.

------

लघुगुरू | गुरुवार, रात्री १०.२०

मलाही पाठवा. आणि दुसऱ्या कडव्यातलं ‘उजळाया’ आत्याबाई नक्की तसंच म्हणतात का ते ऐकायचं आहे. मला तिथे ‘उजळाया’ऐवजी दुसरा शब्द असल्याचा संशय आहे. आजोबांनी वहीत उतरवताना मराठी केलं असेल.

------

कडकभाकरी | गुरुवार, रात्री १०.३०

सर पण रेकॉर्डिंग मागूलालेत बघा.

रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर बसू. पेटी मास्तर आणतील. सतरंजी माझ्याकडं हाय, मोठी, लग्नातली. शेंगाचटणी-भाकरी घरची. सूत्रसंचालक नाही.

------

नवीपेठकर (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ११.१०

सगळ्यांना फाइल पाठवली आहे. सर, ‘उजळाया’ तिने म्हटलंच नाही, दुसरा शब्द आहे. मला कळला नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. आत्या तिथे थांबली नाही. तिने तिसरं कडवं म्हटलं. ते वहीत नाही. पूर्ण कन्नडात आहे. मी विचारलं, याचा अर्थ काय? म्हणाली, “मला कुठे येतं कन्नड. आक्का म्हणायची तसं म्हटलं.” शब्द येतात तिला, अर्थ नाही. रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटं दहा सेकंदांनंतर आहे. धारवाडीसून ताई, बघता का?

------

धारवाडीसून | गुरुवार, रात्री ११.१४

हेडफोन लावूनच बसले आहे. थांबा.